नोंदीतून सुटलेला कोबाल्ट

२०१० च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. मोडक्या वस्तूंबरोबर ‘गॅमासेल २२०’ नावाचे, कॅनडात बनलेले एक जड यंत्रही भंगारात निघाले. १९८५ पासून ते बंद पडून होते. ते वापरणारी पिढी विभागातून गेली होती आणि आत काय आहे हे विचारायचे कुणाला सुचले नाही. बोली लागली, यंत्र ट्रकवर चढले आणि पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात येऊन पडले. भंगाराच्या धंद्यात शिशाला चांगला भाव असतो. कामगारांनी शिशाचे जाड कवच फोडले तेव्हा आतून कोबाल्ट-६० च्या पेन्सिली निघाल्या. त्यांचेही तुकडे होऊन ते या दुकानातून त्या दुकानात गेले. एकाने तर एक तुकडा पाकिटात घालून जवळ बाळगला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक दुकानमालक रुग्णालयात दाखल झाला. त्याची कातडी काळवंडली होती. हा साधा आजार नाही हे डॉक्टरांनी ओळखले आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवले. मोजणीयंत्रे घेऊन तज्ज्ञ मायापुरीत उतरले, गल्ल्या बंद झाल्या, दुकानांतून एकेक तुकडा हुडकून काढला गेला आणि नरोरा अणुवीज केंद्रात नेऊन सुरक्षित ठेवला गेला. सात जणांना किरणबाधा झाली होती. त्यांपैकी एक कामगार २६ एप्रिलला मरण पावला. हे यंत्र विद्यापीठातून आले होते, हे तपासात त्यानंतर उघड झाले. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापदंडावर या घटनेची नोंद चौथ्या पातळीचा अपघात अशी झाली.

इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. १९८५ ते २०१० या पंचवीस वर्षांत त्याची ताकद जवळजवळ पाच वेळा निम्मी होत गेली. म्हणजे यंत्र बंद पडले तेव्हा जेवढा किरणोत्सार होता, त्याचा जेमतेम सत्ताविसावा भाग लिलावाच्या दिवशी शिल्लक होता. त्या उरल्यासुरल्या भागाने माणूस मारला. यंत्र निकामी झाले असे माणसांनी ठरवले होते, आत असलेल्या पदार्थाचे काम मात्र चालूच होते.

या घटनेत विज्ञानाची कोणतीही बाजू अज्ञात नव्हती. कोबाल्टचे गामा किरण किती शिशाने अडतात, अंतर दुप्पट केले की मात्रा एक-चतुर्थांशावर कशी येते, किती मात्रेला रक्तपेशी मरू लागतात, हे सारे पाठ्यपुस्तकात होते, आणि ती पुस्तके त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात असणार. तुटली ती नोंदीची आणि जबाबदारीची साखळी. आयनीकारक किरणांपासून माणसांचे रक्षण हा विषय निघाला की डोळ्यांसमोर शिशाच्या भिंती, काँक्रीटचे घुमट आणि पांढऱ्या पोशाखातले शास्त्रज्ञ उभे राहतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव वेगळेच सांगतो. हे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, हाताला ते जाणवत नाहीत. त्यामुळे धोका कुठे आहे हे कळण्याचा एकच मार्ग उरतो: ज्याला माहीत आहे त्याने ते लिहून ठेवणे आणि जो जवळ जाणार आहे त्याला सांगणे. जिथे जिथे माणसे मेली, तिथे बहुतेक वेळा हे लिहिणे आणि सांगणे आधी थांबलेले होते.

मायापुरीच्या तेवीस वर्षे आधी ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात हेच घडले होते, आणि त्याचा बारीकसारीक तपशील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९८८ साली छापून जगापुढे ठेवला होता. तिथल्या एका खासगी किरणोपचार संस्थेने १९८५ च्या अखेरीस जागा बदलली. कोबाल्टचे यंत्र तिने नेले, सीझियम-१३७ चे जुने यंत्र मागेच टाकले. परवाना देणाऱ्या खात्याला हे कळवले गेले नाही. इमारत अर्धवट पाडली गेली. १३ सप्टेंबर १९८७ ला दोघांनी त्या पडक्या जागेतून यंत्राचा भाग काढून नेला आणि पुढे तो भंगारवाल्याला विकला. भंगारवाल्याला रात्री त्यातून निळसर प्रकाश येताना दिसला. त्याने तो कौतुकाने घरी आणला. शेजारीपाजारी बघायला आले, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे नातेवाइकांत वाटले गेले, काहींनी ती भुकटी अंगाला चोळली. त्याच्या भावाच्या सहा वर्षांच्या मुलीने तेच हात लागलेले अन्न खाल्ले.

घरातले एकेक माणूस आजारी पडू लागले. डॉक्टरांना वाटले, खाण्यातून बाधा झाली असेल किंवा उष्ण कटिबंधातला एखादा रोग असेल. भंगारवाल्याच्या बायकोने मात्र मनाशी ताळा जमवला. ती वस्तू घरात आल्यापासून माणसे आजारी पडत आहेत, हे तिने ओळखले. २८ सप्टेंबरला एका कामगाराला सोबत घेऊन, ते अवशेष पिशवीत भरून ती बसने सार्वजनिक आरोग्य केंद्रात गेली आणि यानेच आमची माणसे मरत आहेत असे तिने डॉक्टरांना सांगितले. दुसऱ्या दिवशी मोजणीयंत्र घेऊन एक भौतिकतज्ज्ञ तिकडे निघाला. इमारत अजून लांब असतानाच काटा टोकाला जाऊन टेकला. यंत्र बिघडले असे समजून त्याने दुसरे आणले. त्याचाही काटा तिथेच गेला. तो पोहोचला तेव्हा अग्निशमन दल ती पिशवी नदीत टाकायच्या तयारीत होते.

ती नदीत गेली असती तर पुढे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. पुढच्या काही दिवसांत शहराच्या स्टेडियममध्ये १ लाख १२ हजार लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम आढळले आणि चार जण दगावले. त्यांत ती सहा वर्षांची मुलगी होती, दोन तरुण कामगार होते आणि शहराला वाचवणारी ती बाईही होती. कोणत्याही शास्त्रज्ञाच्या आधी, हातात कसलेही यंत्र नसताना, फक्त निरीक्षणाच्या बळावर तिने धोका ओळखला. या विषयाच्या इतिहासात तिचे स्थान कोणत्याही प्राध्यापकाइतकेच मोठे आहे.

गोयानियातून जगाने एक धडा उशिरा का होईना घेतला. पिवळ्या पाटीवरचे तीन पाकळ्यांचे चिन्ह ज्यांना शिकवले आहे त्यांनाच कळते. भंगारवाल्याला ते शोभेचे फूल किंवा पंखा वाटू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अकरा देशांतल्या १,६५० लोकांवर नव्या चिन्हांची चाचणी घेतली. त्या देशांत भारतही होता. २००७ च्या फेब्रुवारीत नवे चिन्ह जाहीर झाले: लाल त्रिकोण, वर किरणे, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या बाहेर लावायचे नाही. कवच उघडायला घेतले की समोर येईल अशा जागी, आत लावायचे. हे चिन्ह ज्याने आखले त्याने शेवटच्या माणसाचा विचार केला होता. त्याच्या कितीतरी आधी आलेल्या मायापुरीच्या यंत्रात ते असणे शक्य नव्हते.

तरीही अज्ञान हेच सगळ्याचे कारण, असे म्हणून चालणार नाही. कित्येकदा माहिती असते आणि ती मुद्दाम वरच्या मजल्यावर ठेवलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज गावात, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली काम करत. आकडे बारीक यावेत म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करायचे, असेच त्यांना शिकवले होते. दर वेळी थोडे रेडियम पोटात जाई. शरीर त्याला कॅल्शियमच्या वाटेने हाडांत नेऊन बसवते, आणि रेडियमचे अर्धायुष्य सोळाशे वर्षांचे आहे. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ रेडियम हाताळताना शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत होते. एका छपराखाली दोन नियम होते. पगार आणि प्रतिष्ठा पाहून ते लागू होत.

मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे झिजून तुटू लागली. कंपनीने स्वतःच बोलावलेले हार्वर्डचे प्राध्यापक सेसिल ड्रिंकर यांनी कारखान्याची पाहणी करून दोष रेडियमचा असल्याचे कळवले, तेव्हा कंपनीने राज्याच्या कामगार खात्यापुढे त्या अहवालाचे उलटेच चित्र मांडले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणी कोर्टात गेल्या. जून १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे डॉलर. त्यांच्यापैकी बहुतेकींना ते पैसे फार काळ भोगता आले नाहीत. त्यांच्या हाडांतल्या रेडियमच्या मोजणीवरून १९४१ साली शरीरात किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा ठरली, एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. पुढे प्लुटोनियम हाताळणाऱ्या हजारो कामगारांचे रक्षण याच मोजमापाच्या आधारे झाले. आज जगातल्या कोणत्याही अणुकेंद्रात कामगाराला जे संरक्षण मिळते, त्याच्या पायाशी या मुलींची हाडे आहेत.

मर्यादांचा इतिहास पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि नऊ वर्षांच्या आत एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली त्यांच्या बाधेने मेला. किरणांपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती १९२८ साली स्टॉकहोममध्ये स्थापन झाली. १९३४ मध्ये तिने दिवसाला ०.२ रंटगेन ही मर्यादा सांगितली. आजच्या मापात ती वर्षाला पाचशे मिलिसिव्हर्टच्या घरात जाते. १९७७ मध्ये मर्यादा वर्षाला पन्नास मिलिसिव्हर्टवर होती, १९९० मध्ये पाच वर्षांची सरासरी वीसवर आली. भारतातला नियम आणखी थोडा कडक आहे: पाच वर्षांत मिळून शंभर आणि कोणत्याही एका वर्षात तीसपेक्षा जास्त नाही. सामान्य नागरिकासाठी वर्षाला फक्त एक. डोळ्याच्या भिंगाची मर्यादा तर २०११ पर्यंत दीडशे होती, ती एकदम वीसवर आणावी लागली, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालून उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांत कमी मात्रेलाही मोतीबिंदूची सुरुवात दिसू लागली. म्हणजे जी मात्रा आजोबांच्या काळात सुरक्षित म्हणून सांगितली जात होती, ती नातवाच्या काळात बेकायदा ठरली. आजचा आकडा शेवटचा आहे असे मानायला काही आधार नाही.

कमी मात्रेचा धोका खरेच किती, यावर जाणकारांत वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम आहे. तिथे काही ठिकाणी लोकांना निसर्गाकडूनच जगाच्या सरासरीच्या कित्येक पट किरण मिळतात. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तिथल्या सुमारे सत्तर हजार लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेतला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कर्करोगाचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. दुसऱ्या बाजूला फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये जो अभ्यास छापला गेला, त्यात मात्रा वाढेल तसे कर्करोगाने होणारे मृत्यूही वाढत गेलेले दिसले, एका ग्रेला (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचे एकक) सुमारे बावन्न टक्के या दराने. इतकी मात्रा आयुष्यभरातही फारच थोड्या कामगारांना मिळते, त्यामुळे एकेका माणसाच्या वाट्याला येणारी जोखीम लहानच. पण ती शून्य नाही, आणि ती घेणाऱ्याला ती सांगितली गेली पाहिजे. शास्त्रज्ञांचे एकमत होईपर्यंत कामगाराच्या शरीरावर प्रयोग चालू ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. शंका आहे तोवर मात्रा जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवायची, हाच जगाने मान्य केलेला नियम आहे आणि तोच योग्य आहे.

यावरून कुणी किरणांना घाबरून पळ काढावा असा अर्थ निघत नाही. ज्या कोबाल्ट-६० ने मायापुरीत जीव घेतला, तोच देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांत रोज गाठी जाळतो. त्याच कोबाल्टखालून नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या ‘कृषक’ प्रकल्पात कांदा आणि आंबा जातो. २००७ पासून भारतीय हापूस अमेरिकेच्या बाजारात पोहोचला तो याच प्रक्रियेमुळे. असा आंबा खाल्ल्याने किरणबाधा होत नाही, कारण गामा किरण फळातून जातात, फळात राहत नाहीत. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते आणि निसर्ग प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट देतच असतो. डॉक्टरने गरज पाहून सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळणे शहाणपणाचे नाही. गोयानियात त्या चिमुरडीच्या दफनाच्या वेळी घाबरलेल्या जमावाने दगडफेक केली होती, आणि त्या प्रांताचा माल घ्यायला लोक तयार नव्हते. न सांगितलेल्या माहितीची जागा अशी भीती घेते, आणि तिचाही फटका पुन्हा दुबळ्यांनाच बसतो.

प्रश्न आहे तो रोजच्या शिस्तीचा, आणि तो सर्वांत अवघड आहे.

क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. भारतात त्यातल्या चकत्या कॅल्शियम सल्फेटच्या, डिस्प्रोशियम मिसळलेल्या असतात; तंत्र तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले. सहसा तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो, तापवला की त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून माणसाला किती मात्रा मिळाली ते कळते आणि त्याच्या नावावर आयुष्यभराचा हिशेब साठत जातो. बिल्ला किरण अडवत नाही. तो फक्त खरे सांगतो. आणि खरे सांगण्याची किंमत कामगाराला मोजावी लागत असेल, तर बिल्ल्याचा उपयोग संपतो.

२०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला तेव्हा जपान सरकारने आणीबाणीच्या कामासाठी कामगारांची मर्यादा शंभरवरून अडीचशे मिलिसिव्हर्टवर नेली. त्याच वर्षाच्या अखेरीस एका उपकंत्राटदाराच्या अधिकाऱ्याने कामगारांना आपली मापके शिशाच्या पत्र्याने झाकायला लावली. मापकात आकडा कमी दिसला की कामगार जास्त दिवस कामावर राहतो, कंत्राट चालू राहते. २०१२ च्या जुलैत हे उघडकीला आले. संरक्षक अंगरख्यात वापरायचे शिसे तिथे मापकावर चढले. या एका कृत्यात कंत्राटी पद्धतीचा सारा दोष दिसतो: मर्यादा गाठलेल्या माणसाला घरी बसवले आणि पगारही थांबवला, तर तो मात्रा लपवणारच. जपानी कामगाराने जे केले, ते पोट हातावर असलेला कोणत्याही देशातला कामगार करील. भारतात तेलवाहिन्यांचे आणि बॉयलरचे वेल्डिंग इरिडियम-१९२ च्या किरणांनी तपासणारी मुले रात्री उघड्यावर काम करतात, कारण रात्री आसपास माणसे कमी असतात. स्रोत नळीतून बाहेर पाठवायचा, चित्र घ्यायचे आणि तो परत डब्यात गेला की नाही हे दर वेळी मोजणीयंत्राने पाहायचे. थकलेल्या माणसाने एकदा न मोजता पुढे पाऊल टाकले तर तेवढे पुरे होते. अशा कामगाराला मर्यादा गाठल्यावरही पूर्ण पगारावर दुसरे काम मिळेल, ही हमी शिशाच्या कोणत्याही एप्रनइतकीच महत्त्वाची आहे. ती हमी कंत्राटात लिहिलेली असली पाहिजे.

नियमित मोजणी काय करू शकते, याचे चांगले उदाहरण गोव्याच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या कैगा अणुवीज केंद्रातले आहे. २००९ च्या नोव्हेंबरात तिथल्या पन्नासहून अधिक कामगारांच्या लघवीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, आढळले. कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते. हे कृत्य आतल्याच माणसाचे असावे असा संशय होता आणि ते संतापजनक आहे. पण ते लवकर कळले, कामगारांवर उपचार झाले, कारण लघवीची तपासणी हा तिथला ठरलेला परिपाठ होता. जिथे परिपाठ असतो तिथे घातपातही पकडला जातो. जिथे नसतो तिथे माणसाचा अंत झाल्यावर शोध सुरू होतो.

अणुवीज केंद्रांवर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे केंद्राकडे कुणाचे लक्ष नसते, आणि सामान्य माणसाची किरणांशी गाठ पडते ती तिथेच. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालातला आकडा आजही अंगावर काटा आणतो. देशात त्या वेळी चालू असलेल्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी फक्त ५,२७० नियामक मंडळाकडे नोंदलेली होती. दर दहांतली नऊ केंद्रे कायद्याच्या नजरेबाहेर होती. प्रत्येक राज्यात किरण सुरक्षा संचालनालय उभारावे असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच दिले होते. अकरा वर्षांनंतर लेखापरीक्षकांना ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये सापडले. मंडळाचे मुख्यालय मुंबईत, अणुशक्तिनगरात आहे, आणि त्याच्या उंबऱ्यावरचा महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालच्या नियमांचा भंग केला तर त्यात कमाल पाचशे रुपये दंड सांगितला होता. या रकमेची भीती कोणत्या रुग्णालयाला वाटावी?

त्यानंतर मंडळाने परवाने आणि नोंदणीसाठी ‘ई-लोरा’ ही संगणकीय व्यवस्था आणली आणि नोंदणी पुष्कळ वाढली. स्वतंत्र नियामक आणणारे २०११ चे विधेयक मात्र मंजूर न होताच व्यपगत झाले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा करून नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. हा दर्जा आवश्यकच होता. ज्या खात्याच्या यंत्रणेवर नजर ठेवायची, त्याच खात्याच्या छायेत बसून ते काम मोकळेपणाने होत नाही. पण दर्जा मिळाल्याने निरीक्षक वाढत नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन यंत्र पाहणारी, बिल्ले तपासणारी आणि गरज पडल्यास कुलूप लावणारी माणसे नेमली तरच कायद्याला अर्थ.

नोंद तुटली की धोका देशाच्या सीमाही ओलांडतो. १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत सळया घेऊन आलेला एक ट्रक वाट चुकून किरणमापक बसवलेल्या फाटकातून गेला आणि घंटा वाजली. मेक्सिकोतल्या हुआरेस शहरात भंगारात विकल्या गेलेल्या उपचारयंत्राचा कोबाल्ट त्या पोलादात वितळला होता. ट्रक वाट चुकला नसता तर त्या सळया घरांच्या छतांत गेल्या असत्या. काही गेल्याही होत्या. महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. २००८ मध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळला. बटणांचे पोलाद भारतातून गेले होते आणि माग खोपोलीजवळच्या एका फाउंड्रीपर्यंत पोहोचला. फ्रान्समधल्या सुमारे वीस कामगारांना त्यातून किरण मिळाले. कुठल्या तरी देशातला, कुठला तरी विसरलेला स्रोत भंगारात मिसळून खोपोलीच्या भट्टीत गेला आणि फ्रान्सच्या कामगारापर्यंत पोहोचला. त्या भट्टीशी उभ्या असलेल्या आपल्या कामगारांची विचारपूस त्या दिवसांत वर्तमानपत्रांत फारशी वाचायला मिळाली नाही, ही खंत नोंदवलीच पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. किरणोत्सारी स्रोत विकत घेतानाच तो परत पाठवण्याचा खर्च अनामत म्हणून भरून घ्यावा, म्हणजे यंत्र जुने झाल्यावर संस्था पैशाअभावी ते कोपऱ्यात टाकणार नाही. नियामक मंडळ स्थापन झाले १५ नोव्हेंबर १९८३ ला. मायापुरीचे यंत्र त्याच्या कितीतरी आधी देशात आले होते. अशी १९८३ पूर्वीची यंत्रे कागदावर आपोआप उगवणार नाहीत, ती प्रत्येक जुन्या महाविद्यालयात, संशोधन संस्थेत आणि रुग्णालयात जाऊन शोधावी लागतील. भंगाराच्या मोठ्या बाजारांत आणि पोलाद वितळवणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर किरणमापक सक्तीचे करावे. भंगारवाल्यांच्या संघटनांना लाल त्रिकोणाचे चिन्ह त्यांच्या भाषेत समजावून द्यावे. बिल्ल्याचा आकडा कामगाराला दर तिमाहीला लेखी, मराठी कामगाराला मराठीत, मिळावा आणि नोकरी बदलली तरी त्याच्याबरोबर जावा.

आणि जुन्या विज्ञान महाविद्यालयांच्या प्राचार्यांना एक विनंती. सत्र सुरू होण्याआधी जडसंग्रह नोंदवही पहिल्या पानापासून वाचा. निवृत्त प्राध्यापकांना आणि जुन्या प्रयोगशाळा सहायकांना बोलावून विचारा, कुलूपबंद कपाटे त्यांच्यासमोर उघडा. नाव कळत नाही, उपयोग आठवत नाही, वजन आकाराच्या मानाने फार जास्त आहे अशी एखादी जरी वस्तू सापडली, तर तिला हात न लावता खोली बंद करा आणि त्याच दिवशी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. लिलावाची जाहिरात त्यानंतर काढा.